डोळे गेले, कळावे

॥ श्री ॥

टेकडीचा मळा, सुपे
ता. ८ ऑगस्ट १९५५

ती. स्व. सौ. आक्काचे सेवेशी, सावळारामचा शिरसाष्टांग दंडवत. वि. वि. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत. तिकडची खुशाली कळवावी असं दर वेळी लिहितो आणि दर वेळी तुझं उत्तर महिन्यानं येतं. या खेपेला विनंती नाही, दम समजावा.

पाऊस बरा आहे. टेकडीच्या उतारावर गेल्या साली धरलेल्या मातीच्या तालींपैकी एकही फुटली नाही. दाजींनी नाशिककडून आणून दिलेली हबशीची कलमं पांगाऱ्याच्या खुंटावर माझ्या खांद्याच्या वर गेली. भोकरी द्राक्षाची ओळ हरणांनी शेंड्यापासून खाल्ली, हबशीला मात्र तोंड लावलं नाही. ही काळी द्राक्षं माणूसही हातानं खात नाही. साल जाड, बी मोठी आणि आंबटपणा असा की दात शिरशिरतात. पण बारामतीच्या वैद्यबुवांना द्राक्षासवासाठी हीच पाहिजेत. यंदा जेवढी निघतील तेवढी ते घेणार आहेत. रसाला रंग हबशीचाच येतो म्हणतात.

गावानं मळ्याचं नाव दारूचा मळा ठेवलं आहे. दारूबंदीपासून लोकांची नाकं तिखट झाली आहेत. मागच्या महिन्यात पोलीसपाटील चढून वर आले, सगळ्या वेलींमधून हिंडले आणि मला विचारू लागले की दारू कुठल्या फांदीला येते. मी वैद्यबुवांनी दिलेला आसवाचा बुधला पुढे केला. त्यांनी वास घेतला, घोटभर घेतलं आणि म्हणाले की ह्यात धायटीची फुलं हायेत, हे तर औषध हाय. मग आणखी घोटभर घेतलं, खोकल्यासाठी.

आईच्या गुडघ्याची सूज दाजींच्या निर्गुडीच्या पाल्यानं पार उतरली. आता तिचं मत असं झालं आहे की पुण्याचे डॉक्टर ते सगळे दाजींच्या खालचे. शेजारपाजारच्या बायकांना ती निमगावच्या जावयाचे उपाय सांगत असते. दाजींना सांग की इथं त्यांचा दवाखाना चालू आहे.

फवारणीचं चाललं आहे. मोरचुदात घालायला परवा कळीचा चुना भिजवत होतो. वाकून बघतो तो चुना उसळला आणि शिंतोडे दोन्ही डोळ्यांत गेले. लालबुंद झालेत. आई गाईचं दूध घालते आहे. दोन दिवसांत उतरेल, काळजी करू नये. तुझी भावजय विजयमाला तुला नमस्कार सांगते. ती पाटीवर अक्षरं गिरवते आहे, माझ्याकडून शिकते आणि माझ्याच चुका काढते.

मामंजींना दंडवत. आमच्यावरचा जीव पातळ होऊ देऊ नये.

तुझा,
सावळाराम

---

॥ श्री ॥

निमगाव केतकी
ता. २१ ऑगस्ट १९५५

चि. सावळाराम यास आक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि. तुझा दम पोचला. महिना लागू दिला नाही, हे आईला वाचून दाखव.

चुन्याचं वाचून मला जेवण गेलं नाही. तू लहानपणी गुऱ्हाळात कढईवर वाकायचास तसाच अजून वाकतोस. चुना भिजवताना पाणी लांबून ओतायचं आणि तोंड फिरवायचं, हे पोरासोरांना कळतं. डोळे आता कसे आहेत ते स्पष्ट लिही. नुसतं बरं आहे असं लिहू नको, तू ते कधीही लिहितोस.

इकडची बातमी चांगली नाही. मामंजींची उजवी बाजू गेली. वाचाही नीट नाही. हे त्यांना उचलतात, भरवतात, कूस बदलतात, दुसऱ्याचा हात ते लागू देत नाहीत. त्यामुळे यंदा ऑक्टोबरच्या छाटणीला यांचं येणं होत नाही. याचं यांना फार लागलं आहे. हबशीची ही पहिली खरी छाटणी, आणि आपण जवळ नाही, असं दिवसातून चारदा म्हणतात. पुढचं सगळं यांनी सांगितलं तसं लिहिते.

काडीची जाडी बघून पाच-सहा डोळे ठेवायचे, बारीक काडीला त्याहून कमी. काप डोळ्याच्या वर बोटभर, उतरता. छाटून झालं की डोळे फुगू लागतात आणि नेमका तेव्हा उडद्या येतो. हा किडा हरभऱ्याच्या डाळीएवढा, हात लावला की उडतो. तो फुगलेला डोळाच पोखरतो, मग घड कुठून येणार. तसं झालं तर लांबण लावायची नाही, कार्ड टाकायचं. तेव्हा लांबलचक पत्र लिहीत बसू नको, डोळे गेले एवढे दोन शब्द आले तरी मला समजेल, असं यांचं सांगणं आहे.

विजयमालेला म्हणावं, शीक. या घरात एक तरी माणूस वेळेवर पत्र लिहिणारं हवं. आईला दंडवत. माझी आठवण ठेवा आणि आठवण ठेवल्याचं कळवत जा.

तुझी,
आक्का

---

॥ श्री ॥

सुपे
ता. १३ ऑक्टोबर १९५५

ती. स्व. सौ. आक्का हिस सावळारामचा शि. सा. दंडवत. वि. वि. मामंजींचं ऐकून वाईट वाटलं. दाजींनी इथली काळजी करू नये आणि त्यांना सोडून यायचा विचारही करू नये. सांगितलं आहे त्याप्रमाणेच सगळं केलं.

छाटणी काल संपली. यंदा वेळ लागला. विजयमालेला बरोबर घेतलं होतं. ती काडी धरते, डोळा दाखवते, माझं बोट त्याच्यावर नेऊन ठेवते आणि मी कात्री चालवतो. म्हटलं तिलाही शिकता येईल. भल्या सकाळीच काम उरकायचो. दुपारचं ऊन टेकडीवर फार तळपतं, खडीवरून परत अंगावर येतं.

डोळ्यांचं तू विचारलं आहेस. ते आता बरे आहेत. आई उगाच चिंता करते, तिच्या पत्रात काही वेगळं आलं तर मनावर घेऊ नको. आईला पत्र लिहिता येत नाही हे लिहिल्यावर लक्षात आलं, पण खोडत नाही.

वैद्यबुवा येऊन गेले. वेली बघून खूष झाले. फाल्गुनात बैलगाड्या घेऊन येतो म्हणाले.

पत्र थोडक्यात आटोपतो. कागद संपला. मामंजींना व दाजींना दंडवत. माया आहे तशी राहू द्यावी.

तुझा,
सावळाराम

---

(कार्ड)

सुपे
ता. २६ ऑक्टोबर

सौ. आक्कावन्सं यांना विजयमालाचा नमस्कार. मी पयल्यांदाच लिहीत हाय, चुकलं तर पदरात घ्या.

डोळे गेले. आत्याबाई रडत्यात. दाजींना इचारून उपाय काय तो लगी लगी कळवा. वाट बघतो.

विजयमाला

---

(कार्ड)

निमगाव केतकी
ता. ३० ऑक्टोबर १९५५

चि. सौ. विजयमाला हिस अनेक आशीर्वाद. तुझं पहिलं कार्ड पाहून डोळे निवले. अक्षर तुझ्या नवऱ्याहून सुरेख आहे. त्याच्या मागच्या पत्रातल्या ओळी टेकडी चढायला निघाल्या होत्या, तुझ्या सरळ आहेत. तो कामात असेल म्हणून तुला बसवलं, बरं केलं.

आता आईला म्हणावं, रडणं थांबव. हे म्हणतात की गेलेले डोळे मागून परत येतात, महिना-सव्वा महिना लागतो. तोवर पाणी अगदी तोडा. सकाळ-संध्याकाळ कडुनिंबाच्या पाल्याची दाट धुरी द्या. हात लावू नका. घाबरून कुणाकडून कापाकापी करून घेऊ नका, त्यानं आहे तेही जाईल. धीर धरला की सगळं ठीक होतं. आईला सांग, तिच्या जावयाचा शब्द आहे. मामंजींचं तसंच आहे. सर्वांना आशीर्वाद, आणि लिहीत राहा.

आक्का

---

॥ श्री ॥

सुपे
ता. ४ डिसेंबर

सौ. आक्कावन्सं यांना विजयमालाचा शिरसाष्टांग नमस्कार. इकडं आमी बरे हाय असं लिहायची रीत हाय म्हणून लिहिते.

दाजींनी सांगितलं तसं समदं केलं. तुमचं कार्ड आलं त्या सकाळी शेजारच्या गेणू भावजींची गाडी दारात जुंपलेली होती. केडगावला नेऊन तितनं रेल्वेनं पुण्याला मोठ्या दवाखान्यात न्यायचं ठरलं होतं. तुमच्या भावाला गाडीत बसवलं होतं, आंथरूण घातलं होतं. मी कार्डातला मतलब सांगितला, की दाजी म्हणत्यात डोळे परत येतील, पाणी लावू नका, धुरी द्या, कापू देऊ नका. आत्याबाईंनी गाडीच्या चाकाला हात जोडले आनि बैल सोडायला लावले. तुमचे भाऊ बी हासले. म्हणाले की दाजी म्हणतात तर प्रश्नच न्हाय.

खरं सांगायचं तर श्रावणापासनंच डोळ्यांत फूल पडत होतं. आधी एकात, मग दुसऱ्यात. तुमाला लिहू नको अशी मला शपथ घातली होती, कारण दाजी आजारी बापाला टाकून येतील. छाटणीला दिसत नव्हतं, बोटानं चालवली. दसरा झाला आनि पार अंधार झाला, तवा शपथ मोडली आनि कार्ड लिहिलं. नवऱ्याचं नाव कसं लिहावं, आनि यांचे-त्यांचे लिहावं तर कार्ड पोस्टमन बी वाचतो. म्हटलं तुमी घरच्या, डोळे म्हटलं की तुमाला उमगंल.

महिना होऊन गेला. धुरी एक येळ चुकवली न्हाय. धुरानं ते तळमळतात पण डोकं हालवत न्हाईत, मी टोपलं धरते. पाणी लावलं न्हाय. फकस्त एकदा पापण्या चिकटून बसल्या, पू आला, मला बघवलं न्हाय, म्हनून मी फडकं भिजवून पुसलं. त्यांना बरं वाटलं होतं. त्यानं तर काय झालं नसंल ना, ते दाजींना इचारा. डोळे अजून आले न्हाईत.

मळा चांगला हाय. हबशीला फुलोरा दाट हाय. उडद्या औंदा आलाच न्हाय. आता पुढं काय करायचं ते कळवा. आमच्यावर नजर असू द्या.

तुमची,
विजयमाला

---

॥ श्री ॥

निमगाव केतकी
ता. ७ डिसेंबर १९५५

चि. सौ. विजयमाला,

आशीर्वाद लिहिण्याइतका धीर नाही. हे पत्र यांच्या हाती देते आहे. मामंजींना शेजारी सोपवून हे निघाले आहेत. हे पोचताच गाडी जुंपायला सांग, लगेच पुण्याला जायचं आहे.

बाई गं, ते कार्ड वेलीचं होतं. आम्हाला वाटलं, उडद्यानं वेलीचे डोळे खाल्ले. पाणी तोडा म्हणजे मळ्याचं. कापाकापी म्हणजे पुन्हा छाटणी. तुझं पत्र मी चुलीपुढे वाचलं, आणि उडद्या औंदा आलाच नाही या ओळीशी आल्यावर मला कळलं की आपण काय करून बसलो. यांना वाचून दाखवलं तर हे उठून गोठ्यात गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

धुरी आजपासून बंद कर. आणि एक माझं ऐक. सावळारामला यातलं काही सांगू नको, आईलाही नाही. आधी डोळे वाचू देत. वाचले की मी स्वतः येईन, त्याच्यासमोर बसेन आणि सांगेन. मोठ्या बहिणीनं तुझ्याकडे पदर पसरला आहे असं समज. वाचून झालं की हा कागद चुलीत टाक.

आक्का

---

॥ श्री ॥

पुणे
ता. १३ डिसेंबर १९५५

चि. सौ. सरुबाई हिस आबासाहेबाचे आशीर्वाद. तातडीचं असूनही रात्री लिहीत बसलो नाही, सकाळी डॉक्टर भेटल्यावर लिहितो आहे. वडिलांना कोण उचलतं ते कळव.

तुझ्या भावाला, सावळारामला, दवाखान्यात घेतलं. डावा डोळा आत बसला आहे, त्याचं काही राहिलं नाही. उजव्याला दिवा समोर आणला तर उजेड आहे एवढं कळतं, माणूस कळत नाही, आणि यापुढे कळणार नाही. डॉक्टर माणूस चांगला, पण चिडला होता. म्हणाला की चुन्यानं डोळ्यात व्रण झाले होते, ते धुरानं चिघळवले. दिवाळीपूर्वी आणला असता तर एक डोळा वाचवण्याची उमेद होती. धुरी द्यायला कुणी सांगितलं म्हणून विचारलं. मी तोंड उघडणार तोच सावळाराम म्हणाला की औषध बरोबर होतं, आमच्या मंडळींकडून पाणी लागलं, त्यानं बिघडलं.

नंतर डॉक्टरनं मला बाजूला नेलं. म्हणाला की या सगळ्या महिन्यात त्या डोळ्यांसाठी एकच गोष्ट बरोबर झाली, ती म्हणजे त्या बाईनं केलेलं पुसणं. रोज पुसायला हवं होतं. हे सावळारामनं ऐकलं नाही. विजयमाला दारापाशी उभी होती, तिनं ऐकलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. मला तिच्या नजरेला नजर देता आली नाही. सावळारामला खरं सांगायला मी दोनदा त्याच्या खाटेशी जाऊन बसलो. दोन्ही वेळा त्यानं माझा हात धरला आणि विचारलं की दाजी, घड विरळायची वेळ झाली असेल, एका काडीला किती ठेवू. मी एकच ठेव म्हणालो आणि उठलो.

लोक माझ्या हाताला गुण आहे म्हणतात. ते यापुढे कुणी माझ्यासमोर म्हणू नये.

आठवड्यानं यांना सुप्याला पोचवून येतो. प्रकृतीला जपावे.

आबासाहेब

---

॥ श्री ॥

सुपे
ता. २५ मार्च १९५६

सौ. आक्कावन्सं यांना विजयमालाचा साष्टांग नमस्कार. तुमची चार पत्रं आली, उत्तर दिलं न्हाय, त्याचा राग नसावा. हंगाम होता.

औंदा हबशी अशी आली की वैद्यबुवांनी दोन खेपांवर आनखी एक गाडी लावली. पाटील पुन्ना आले होते. त्यांनी मळ्याला दारूचा म्हणायचं सोडलं हाय, आता आंधळ्याचा मळा म्हणत्यात. तुमचे भाऊ तालीवर बसून राहत. घड हातात दिला की मणी चावून सांगत, हा तोडा, हा राहू द्या. त्यात ते चुकत न्हाईत.

तुमचं पत्र आलं की मी वाचून दाखवते. तुमी त्यांना रागावता, चिडवता, तेवढं ऐकताना त्यांच्या तोंडावर हासू येतं. दुसऱ्यांदा वाच म्हणतात. तुमी माझी माफी मागता, ते मी गाळते.

एक गोष्ट लिहू का नको असं किती दिवस झालं. ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत्यात, की दाजींनी बिनचूक इलाज दिला होता, हिनं फडकं भिजवून घात केला. रागानं बोलत न्हाईत. सरळ बोलत्यात, जसं पाऊस पडला न्हाय म्हणावं तसं. मी तोंड पुसायला गेले की तोंड फिरवतात. ताट दिलं की ताटाला हात लावतात, माझ्या हाताला लावत न्हाईत. आत्याबाई पाण्याची घागर मला भरू देत न्हाईत. म्हणत्यात तुज्या हाताचं पाणी नको. प्यायचं पाणी आता गेणू भावजींच्या घरनं येतं.

मी त्यांना खरं सांगितलं न्हाय. तुमी पदर पसरला होता, मी हूं म्हणून बसले. आनि आता वाटतं की सांगूच नये. त्यांचे डोळे गेले, ते काय सांगून येणार न्हाईत. मग बहीन बी कशाला घालवायची. मला सवय झाली. तुमी बी काय लिहू नका, ही माझी इच्छा हाय.

फकस्त एवढंच, की हे कुणाला तरी ठाऊक असावं म्हनून लिहिलं. लहानीला विसरू नका.

विजयमाला

---

॥ श्री ॥

निमगाव केतकी
ता. ८ एप्रिल १९५६

चि. सावळाराम यास आक्काचे आशीर्वाद.

मामंजी गेले हे तुला कळलं आहेच. दिवसकार्य झालं, आता हे मोकळे आहेत. तुझ्याकडे खरड छाटणीला येत आहेत आणि हे पत्र घेऊन येत आहेत. विजयमालेनं वाचायचं नाही, यांनीच वाचायचं, कात्रीला हात लावायच्या आधी. हे नको म्हणत होते. म्हणाले की उपाय माझा होता, काय सांगायचं ते मी सांगेन, तू भावाला तोडू नको. दोन दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. पण कार्ड माझ्या हातचं होतं, तेव्हा उत्तरही माझ्या हातचं हवं.

आईला जवळ बसव. विजयमाला चुलीकडे उठून जाईल, तिला जाऊ देऊ नको. विजयमाला, तुझी इच्छा मी मोडते आहे. तुझ्याकडे पदर मी पसरला होता, तो मीच आवरते.

सावळाराम, दिवाळीच्या आधी तुझ्या घरून कार्ड आलं, त्यात डोळे गेले असं होतं. आम्ही ते वेलीचे समजलो. तुझे दाजी उडद्याचा उपाय सांगत होते आणि मी लिहीत होते. पाणी तोडा, धुरी द्या, कापू नका, मागून येतात, हे सगळं वेलीला होतं. तुझ्या डोळ्यांना दाजींनी कधीच काही सांगितलं नव्हतं. तुझे डोळे गेले आहेत हेच आम्हाला माहीत नव्हतं, कारण तू ते लपवलं होतंस. तू लपवलंस ते आमच्या मायेनं, हे मला कळतं, पण मी बहीण असून कार्ड दोनदा वाचलं नाही. तिनं पहिल्यांदा आयुष्यात पत्र लिहिलं, आई रडते असं लिहिलं, आणि मी तिचं अक्षर वाखाणत बसले. वेलीसाठी आपली आई कधी रडली आहे का, एवढं माझ्या मनात यायला हवं होतं.

डिसेंबरात मला कळलं. तेव्हा मी विजयमालेला लिहिलं की तुला सांगू नको. भीती वाटली, दुसरं काही नाही. डोळे वाचले की सांगेन म्हणाले होते. ते वाचले नाहीत आणि मी सांगितलं नाही. तिनं माझा शब्द पाळला आणि तुमच्या घरात पाण्याची घागर तिच्या हातून गेली.

पुण्याच्या डॉक्टरनं दाजींना काय सांगितलं ते ऐक. तिनं फडकं भिजवून तुझे डोळे पुसले, ती एकच गोष्ट बरोबर होती. ते रोज करायला हवं होतं. पाण्यानं तुझे डोळे गेले नाहीत. चुन्यानं गेले, धुरानं गेले, आणि दारात जुंपलेली गाडी माझ्या कार्डानं सोडली म्हणून गेले. आई, तू हेही ऐक. तिच्या हातचं पाणी तू नाकारतेस, ते माझ्या हातचं नाकारायला हवंस. मी आले तर मला उंबऱ्याबाहेर बसव.

माफी मागत नाही. मागितली तर तू देशील, तुझा स्वभावच तसा आहे, आणि मग मला ती घेऊन गप्प बसावं लागेल. तू काही काळ मला पत्र पाठवू नकोस असं वाटलं तर पाठवू नको. दाजींवर राग काढायचा असेल तर ते समोर बसले आहेत, ते ऐकून घेतील. ते त्यासाठीच आले आहेत.

सगळं वाचून झालं की तिला हाक मार. तुम्ही आम्ही नवरा-बायको एकमेकांचं नाव तोंडानं घेत नाही, पण आज घे. तोंड पुढे कर आणि तिला पुसू दे.

पत्राच्या शेवटी आपण लोभ मागतो. मी माझ्यासाठी मागत नाही. तो विजयमालेवर असावा, ही विनंती.

आक्का